शेळीला महिन्याचा पगार नसतो

आमच्या आटपाडी तालुक्यात बायकांना कर्ज मिळत नाही असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. कर्ज दारात येतं हो. मोटारसायकलवर बसून, पाठीला बॅग लावून येतं आणि म्हणतं, ताई आधार कार्ड आणि लाइटबिल द्या, चार-पाच दिवसात पैसे खात्यावर. अडचण कर्ज मिळण्याची नाहीच, अडचण फेडायची तारीख कोण ठरवतं याची आहे, आणि मला जे सांगायचंय ते त्याच्याबद्दलच आहे.

मी आमच्या बचत गटाची सचिव. बारावी झालेली आहे म्हणून वह्या माझ्याकडे आल्या, बाकी काही विशेष कारण नाही. गट उमेदमधला, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातला, ११ बायका. आमच्या गटाला बँकेचं पहिलं कर्ज कसं मिळालं आणि पुढं त्याचं काय झालं हे लिहून काढतेय कारण शेजारच्या वाडीतल्या गटांच्या बायका फोन करून सारखं तेच विचारतात आणि फोनवर एवढं सगळं सांगायला बसलं तर भाकरी करपते.

आधी कंपन्यांचं सांगते. गावात तीन-चार मायक्रोफायनान्सवाल्यांचे ग्रुप आहेत. पाच ते दहा बायका, एकमेकींना जामीन, सकाळी कुणाच्या तरी ओसरीवर सेंटर मीटिंग, एकीचा हप्ता आला नाही तर बाकीच्यांनी गोळा करून भरायचा नाहीतर वसुलीला आलेला कंपनीचा सर तिथून हलत नाही. मी सरसकट नावं ठेवणार नाही. माझ्या सासूबाईंना रात्रीतून सांगलीला ॲडमिट करायची वेळ आली तेव्हा नंतरचा खर्च त्याच पैशावर निभावला, बँकेने त्यावेळी आम्हाला उभं केलं नसतं. पण हिशोब बघा. ४० हजार, दोन वर्षं मुदत, २४ टक्के व्याज, तर महिन्याचा हप्ता बसतो साधारण २११५ रुपये आणि वरचे जातात पावणेअकरा हजाराच्या आसपास. तेच ४० हजार ७ टक्क्यानं घेतले तर हप्ता १७९० च्या घरात आणि वरचे तीन हजार. प्रोसेसिंग फी आणि विमा कापतात ते वेगळंच.

रिझर्व्ह बँकेने २०२२ साली या कर्जांचे नियम नव्याने केलेत, ते मला प्रशिक्षणात कळले. घराचं वर्षाचं उत्पन्न ३ लाखापर्यंत असेल तर तारण मागायचं नाही, घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जायला नकोत, मुदतीआधी फेडलं तर दंड घ्यायचा नाही, वसुलीला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर यायचं नाही. कागदावर चांगलं आहे सगळं. आमच्या गल्लीत गाडी साडेसातलाच येते कारण नंतर बायका डाळिंबाच्या कामाला निघून जातात. आणि उत्पन्न किती लिहायचं हे विचारलं की सरच म्हणतो, लिहा वीस हजार, मी भरतो फॉर्म. मग निम्मं कशाचं काढायचं?

आता आमच्या गटातल्या आक्का. वय साठीच्या आत-बाहेर, जमीन दीड एकर कोरडवाहू, टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी तालुक्यात आलं तरी त्यांच्या शेतापर्यंत अजून पोचलेलं नाही. त्यांनी कंपनीचे पैसे घेऊन दोन शेळ्या घेतल्या होत्या, गटाच्या आधीची गोष्ट. हप्ता पंधरा दिवसाला. शेळी गाभण राहिली की पाच महिने थांबायचं, व्याली की करडं विकायजोगी व्हायला अजून सहा-आठ महिने. म्हणजे पहिला पैसा हातात यायला वर्ष. आणि हप्ता सुरू पंधराव्या दिवसापासून. पहिले हप्ते मजुरीतून गेले, मग पावसाळ्यात काम थांबलं, मग एक शेळी गाभण असताना विकली. कर्ज फिटलं, कंपनीच्या वहीत आक्का एकदम चांगल्या ग्राहक, त्यांना पुढचं मोठं कर्ज द्यायलाही तयार! आक्का मला म्हणाल्या, "शेळी काय म्हैन्याला पगार देती व्हय गं?" आमच्या पुढच्या सगळ्या खटपटीच्या मुळाशी हे एक वाक्य आहे.

गटाचं साधं आहे. आठवड्याला बैठक, प्रत्येकीची ५० रुपये बचत, त्यातूनच आपसात कर्ज, परतफेड आणि हिशोब लिहिणं, याला पंचसूत्री म्हणतात. आमच्यात आपसातलं व्याज शेकडा दोन महिन्याला. ऐकायला कंपनीएवढंच वाटतं, पण हे व्याज आमच्याच पेटीत येतं, ते कुठं मुंबईला जात नाही. आणि खरी गोष्ट म्हणजे पाचशे रुपये, हजार रुपये असं कर्ज देणारी दुसरी कुठली जागा जगात नाही. पोराची शाळेची पुस्तकं, औषध, गॅस टाकी, एवढ्यासाठी कुणाच्या दारात जायचं नाही हे सुरुवातीला सगळ्यात मोठं वाटलं, उद्योग वगैरे नंतर. पुढे उमेदकडून फिरता निधी आला, तोही आम्ही वाटून न घेता आपसातच फिरवला. काही गटांनी निधी आला की समान वाटे करून टाकले, तसं केलं की वही तिथंच थंड होते.

वह्या मात्र कंटाळवाण्या. खरंच सांगते. इतिवृत्त, रोकड वही, खतावणी, प्रत्येकीचं पासबुक. बैठकीत सगळ्या घाईत, कुणाचं दूध काढायचं राहिलंय, आणि मी आपली बेरीज जुळवत बसलेय. पण बँक कर्जाच्या आधी गटाचं ग्रेडिंग करते तेव्हा हेच बघते, हजेरी किती, बचत नियमित आहे का, आतली परतफेड होते का, वह्या कोण लिहितं. आणि नुसतं सचिवाला येऊन चालत नाही, साहेबानं अचानक एखादीला विचारलं की तुमची बचत किती झाली तर तिला सांगता आलं पाहिजे. आमच्याकडे चारजणी अंगठा करणाऱ्या होत्या, त्यांना आम्ही सही शिकवली आणि आपल्या पासबुकातला शेवटचा आकडा वाचायला. इथून जवळच म्हसवडला चेतना सिन्हांनी १९९७ साली बायकांची माणदेशी बँक सुरू केली, तिचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने परत पाठवला होता कारण सभासद बायकांना लिहितावाचता येत नव्हतं. त्या शिकल्या, परत गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशोब आम्हाला तोंडी विचारा आणि तोच तुमच्या अधिकाऱ्यांनाही बिनकॅल्क्युलेटरचा करायला सांगा. ही गोष्ट मी बैठकीत सांगितली तेव्हा एक काकू म्हणाल्या, मग आपल्याला तर नुसती सही करायचीया. हशा झाला पण दोन आठवड्यात काकूंची सही आली.

मग बँक. नाव लिहीत नाही, कुठलीही घ्या. कागद असे लागले: गटाचा ठराव, सगळ्यांचे आधार-पॅन-फोटो, गटाच्या खात्याचा उतारा, आपसातला करारनामा, ग्रेडिंगचा कागद आणि सूक्ष्म पत आराखडा. आमच्यातल्या निम्म्याजणींचं पॅन कार्डच नव्हतं, एकीच्या आधारवर माहेरचं आडनाव, एकीची जन्मतारीख अशी की ती तिच्या थोरल्या पोरापेक्षा पाच वर्षांनीच मोठी. यातच बराच वेळ गेला आणि याला काही उपाय नाही, महा-ई-सेवा केंद्रात जाऊन बसायचं.

पण मुख्य अडथळे तीन आले आणि तिन्ही ठिकाणी कागदानं काम केलं, तोंडानं नाही.

पहिला, साहेब म्हणाले गटाच्या बचतीतली काही रक्कम एफडी करा, मग कर्ज देतो. तोंडी सांगितलं, लिहून नाही. आम्हाला आधी ते वावगंही वाटलं नाही, बँक म्हणतेय म्हणजे असेल. पण आमची सीआरपी ताई, म्हणजे उमेदकडून गटांना मदत करणारी गावातलीच कार्यकर्ती, म्हणाली थांबा. रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात सरळ लिहिलंय की गटाला १० लाखापर्यंतच्या कर्जाला तारण नाही, मार्जिन नाही, बचत खात्यावर बोजा ठेवायचा नाही आणि ठेवीचा आग्रह धरायचा नाही. तालुक्याच्या उमेद ऑफिसमधून प्रिंट घेतली, त्या ओळीखाली पेनाने रेघ मारली आणि नेऊन टेबलवर ठेवली. भांडायचं नाही, नुसतं म्हणायचं, साहेब हे आम्हाला समजावून सांगा. साहेबांनी वाचलं आणि एफडीचा विषय परत निघाला नाही.

दुसरा, एका वहिनीच्या नवऱ्याचं त्याच शाखेत पीककर्ज थकीत होतं, डाळिंबावर तेल्या रोग आला आणि बाग काढून टाकावी लागली त्यातलं. साहेब म्हणाले, हिच्यामुळे गटाचं होणार नाही. हे ऐकून दोघीतिघींनी लगेच तिच्याकडे बघितलं. मला त्या क्षणी भीती वाटली की आता हिला गटातून काढा म्हणतील. पण त्याच परिपत्रकात आहे की एखाद्या सभासदाची किंवा तिच्या घरच्यांची थकबाकी असली म्हणून गटाचं कर्ज सहसा अडवू नये, गट स्वतः थकीत नसला म्हणजे झालं. फक्त त्या बँकेचा थकबाकीदार जो आहे त्याला गटानं या पैशातून कर्ज देऊ नये. वहिनी स्वतः थकबाकीदार नव्हती, नवरा होता. तरी तिनंच बैठकीत सांगितलं की मी यावेळी बँकेच्या पैशातून घेत नाही, गटाच्या बचतीतून थोडं द्या, वाद नको. तसा ठराव लिहिला.

तिसरा अडथळा हप्त्याचा. पण त्याच्या आधी आराखड्याची बैठक सांगायला पाहिजे, कारण खरा निकाल तिथं लागला.

सूक्ष्म पत आराखडा म्हणजे कुणाला किती, कशासाठी आणि ती कसं फेडणार. बहुतेक गट सीआरपीकडून एका संध्याकाळी भरून घेतात, सगळ्यांच्या नावापुढे शेळीपालन. आम्ही तसं केलं नाही. शाळेतून खडू आणला, मंदिराच्या सभामंडपात फरशीवर बारा महिन्यांचे बारा चौकोन काढले, चैत्रापासून फाल्गुनापर्यंत, आणि प्रत्येकीनं आपल्या घरात पैसा ज्या महिन्यात येतो तिथं ज्वारीचे दाणे ठेवायचे आणि खर्च येतो तिथं खडे. बायकांना इंग्रजी महिने सांगून उपयोग नाही, आषाढात म्हटलं की लगेच कळतं हात किती तंग असतो. तासाभरात फरशीवर सगळं गाव उतरलं. शिवणकाम करणाऱ्या वहिनीचे दाणे लग्नसराईत आणि दिवाळीत ढीगभर, मधल्या महिन्यात एकेक. भाजी विकणाऱ्या काकूंचे रोज थोडे थोडे, एक चौकोन रिकामा नाही. एकीचा नवरा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या दुकानात तमिळनाडूत कामाला, तिचे दाणे मालक पगार देईल तेव्हा, आणि यात्रेला तो घरी आला की. डाळिंबाच्या मजुरीवाल्यांचे बहार धरताना, छाटणीला आणि तोडणीला, मध्ये शून्य. आणि आक्कांनी हातात दाणे धरले ते शेवटपर्यंत ठेवलेच नाहीत, म्हणाल्या बकरी ईदच्या म्हैन्यात ठेवते पर ती दरसाली मागं सरकती, मग चौकोन कुठला धरू?

ते खरंच आहे, ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते आणि बोकडाला भाव त्याच वेळी असतो. हे बँकेच्या फॉर्ममध्ये कुठल्या रकान्यात बसवायचं?

पण फरशीकडे बघताना एक गोष्ट दिसली जी मला वहीत कधी दिसली नव्हती. एका बाईचे महिने रिकामे होते तेव्हा दुसरीचे भरलेले होते. कुठलाच महिना सगळ्यांचा मिळून रिकामा नव्हता. म्हणजे एकटी आक्का महिन्याला हप्ता देऊ शकत नाही, पण गट देऊ शकतो, अट एकच, सगळ्यांनी एकच धंदा करायचा नाही. सगळ्यांनी शेळ्याच घेतल्या असत्या तर पहिल्याच तिमाहीत गट गोत्यात. मला वाटतं बचत गटाची जी काही ताकद आहे ती यात आहे, "महिला सक्षमीकरण" असं बॅनरवर लिहितात ते नंतरचं.

तर ठरलं असं. आम्हाला पहिलं कर्ज दीड लाख मिळणार होतं. बँकेला तिमाही हप्ता मागायचा, दोन वर्षं मुदत म्हणजे आठ हप्ते, मुद्दल १८,७५० आणि वर व्याज, ७ टक्क्यानं पहिल्या तिमाहीचा साधारण २१,३७५. बँकेला गट भरणार. आणि गटाला प्रत्येकीनं आपापल्या पैशाच्या वेळेप्रमाणे द्यायचं. काकूंनी आठवड्याला, शिवणवालीनं महिन्याला थोडं आणि सिझनला जास्त, मजुरीवाल्यांनी बहाराच्या महिन्यात, शेळीवाल्या दोघींनी पहिले आठ महिने नुसतं व्याज आणि मग करडं विकली की मुद्दल. सभासदाला गटाचं व्याज शेकडा एक महिन्याला, बँकेच्या व्याजातला फरक गटात राहील आणि कुणाचं काही अडलं तर तोच उपयोगाला.

आता तिसरा अडथळा. साहेब म्हणाले, सिस्टीममध्ये महिन्याचाच हप्ता येतो. आम्ही म्हणालो उमेदच्या गटांना पहिल्या कर्जाला महिन्याचा किंवा तिमाही, दोन्ही चालतं. हे बोलणं बरेच दिवस चाललं, एकदा तर सर्व्हर डाऊन. शेवटी आमच्या बँक सखीने, म्हणजे गटांच्या बँकेच्या कामाला मदत करणारी उमेदची बाई, ती त्याच शाखेत बसते, ऑपरेटरच्या शेजारी बसून पर्याय शोधून दिला. ड्रॉपडाऊनमध्ये खाली होता. साहेब हसले, आम्ही पण हसलो.

पैसे आले आणि शेळ्या घ्यायला आटपाडीच्या बाजारात गेलो, आक्का, दुसरी शेळीवाली आणि पशुसखी. मी नुसती बरोबर. आटपाडीचा शेळ्या-मेंढ्यांचा बाजार ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगून कळणार नाही, तिथं सौदा तोंडाने कमी आणि टॉवेलाखाली बोटांनी जास्त. व्यापाऱ्यानं बाईमाणूस बघून भाव चढा सांगितला. आक्कांनी शेळीचं तोंड उघडून दात मोजले, चार दाती आहे का बघितलं, कास दाबून बघितली, दोन्ही सड सारखे आहेत का, खुरं बघितली, मग तिला चालवली, आणि मग काही न बोलता निघून गेल्या. तीन वेळा! चौथ्या वेळी व्यापारीच मागं आला. उस्मानाबादी जातीच्या, काळ्या, एक गाभण. ही जात जुळी करडं देण्यात चांगली आणि आमच्या कोरड्या मुलखात टिकते. दुसऱ्या शेळीवालीला तिच्या भावाने भलत्या जातीची मोठी उंच शेळी घ्यायला सांगितलं होतं, पशुसखी म्हणाली तिला खायला कोण घालणार, बागायतदार आहेस का तू. मग तिनंही उस्मानाबादीच घेतली.

पशुसखीबद्दल लिहायलाच पाहिजे. ती आमच्याच गावची सून, उमेदमध्ये प्रशिक्षण घेतलेली, जंतनाशक पाजणं, पीपीआरची लस, आंत्रविषाराची लस कधी हे तिच्याकडे लिहिलेलं असतं. सरकारी डॉक्टरला सात-आठ गावं, तो कधी येणार. विमा उतरवला, कानाला बिल्ला मारला. आक्का बिल्ल्यावर नाराज, शेळी कुरूप दिसती म्हणून. बांधावर शेवरी आणि थोडं दशरथ घास लावलं, त्याला पाणी भांडी धुऊन उरलेलं. लोक कर्जावर बोलतात, चाऱ्यावर कुणी बोलत नाही, पण फाल्गुनानंतर आमच्याकडे शेळीचा हप्ता म्हणजे चारा.

सगळं गुळगुळीत झालं असं नाही. दुसऱ्या शेळीवालीची एक शेळी पावसाळ्याच्या तोंडाला पोट फुगून मेली. बिल्ला होता म्हणून विम्याचा दावा करता आला, पंचनामा, फोटो, दाखला, पण पैसे यायला उशीर आणि तिमाही हप्ता समोर. बैठकीत आवाज चढले. एक म्हणाली आम्ही का भरायचं तिचं, हे कंपनीसारखंच झालं की. बरोबर बोलली ती, फरक समजावून सांगायला मलाही दोन मिनिटं लागली. कंपनीत तिचा हप्ता आपल्या खिशातून त्याच दिवशी गेला असता. इथं तो गटाच्या जमलेल्या व्याजातून गेला, तिच्या नावावर राहिला आणि तिची मुदत आपणच बसून पुढं ढकलली. तरी ती बाई पुढच्या दोन बैठका फुगलेलीच होती.

आक्कांच्या शेळीला दोन करडं झाली, एक बोकड एक पाट. बोकड ईदच्या आधी विकला, पाट ठेवून घेतली. मुद्दलाचा मोठा भाग एका दिवशी गटाच्या पेटीत टाकला आणि नोटा मोजताना मला म्हणाल्या परत एकदा मोज.

आठही हप्ते वेळेवर गेले. वेळेवर फेडणाऱ्या गटाला राज्याची सुमतीबाई सुकळीकर योजना आहे, तिच्यातून व्याज परत मिळून कर्ज शून्य टक्क्यावर येतं. मिळतं, पण नंतर, तोवर आपल्याला भरावं लागतं, त्यामुळे हिशोब करताना ते पैसे धरू नका. आता दुसऱ्या कर्जाचा अर्ज चाललाय, ३ लाखाचा, आणि यावेळी आम्ही ठरलेल्या हप्त्यांचं टर्म लोन नको, सीसी म्हणजे कॅश क्रेडिट द्या म्हणतोय. म्हणजे लिमिट मंजूर, लागेल तेव्हा काढायचं, पैसे आले की भरायचे, जेवढे दिवस वापरले तेवढंच व्याज. आमच्या फरशीवरच्या चौकोनांना ते जास्त जुळतं.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. आमच्या वस्तीवर एक जोडपं आहे, दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जातं आणि कारखाना बंद झाला की येतं. तिला जमीन नाही, गावातली सगळ्यात गरीब म्हणाल तर तीच. तिचं कर्ज म्हणजे मुकादमाची उचल, कष्टानं फेडायची आणि फिटली नाही तर पुढच्या वर्षी परत जायचं. तिला गटात यायचंय. पण आठवड्याची हजेरी पडणार नाही आणि हजेरी कमी झाली की ग्रेडिंगमध्ये मार्क जातात, अकराजणींचे. ती म्हणाली, जायच्या आधी पाच म्हैन्याचे पन्नास-पन्नास एकदम भरते की. सीआरपी ताई म्हणते ते नियमात बसत नाही, आपल्याच दोघीतिघी म्हणतात आता गाडी रुळावर आहे कशाला ओढून घ्यायचं. मी ग्रामसंघात, म्हणजे गावातल्या गटांच्या संघात, विषय मांडला, तिथून त्याच्या वरच्या प्रभागसंघाकडे पाठवलाय, पुढच्या बैठकीत येईल. दिवाळीच्या आत निर्णय झाला तर ठीक, कारण मुकादमाची गाडी थांबत नाही.